मिलेराइट: खडकातली सोनेरी सुई, काचेतला घातक दाणा

बाथरूमचा काचेचा दरवाजा कुणी हातही न लावता अचानक फुटतो. मोठा आवाज होतो आणि पाहावे तर फरशीभर बारीक काचेचे खडे. आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरांत हे घडले आहे. त्यावर चर्चाही भरपूर झाली. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले माल हलका होता, कुणी बसवणाऱ्याला दोष दिला. अशा फुटण्याची कारणे अनेक असतात. त्यातले एक कारण मात्र थेट भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातून उठून आपल्या घरात येते. ते म्हणजे निकेल आणि गंधक यांचे एक संयुग. निसर्गात हे खनिजरूपात सापडते तेव्हा त्याला मिलेराइट म्हणतात आणि जगभरचे संग्राहक त्याचा नमुना मिळावा म्हणून धडपडतात. तेच संयुग काचेत चुकून शिरले की तिचा नाश करते.

एकच पदार्थ एका जागी शोभेचा आणि दुसऱ्या जागी धोक्याचा कसा ठरतो, हे या लेखात समजून घेऊ. आधी खडकातले मिलेराइट पाहू, मग काचेकडे वळू.

निकेल आपल्या घरातलेच

निकेल हा धातू आपल्याला अपरिचित नाही. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यावर १८/८ असा आकडा कोरलेला दिसतो. त्यातला ८ हा निकेलचा टक्का, १८ हा क्रोमियमचा. ज्यांच्या घरी जुनी नाणी जपून ठेवली असतील त्यांच्या डब्यात १९४७ सालचा, मागच्या बाजूला वाघ असलेला रुपया कदाचित असेल. तो शुद्ध निकेलचा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली निघालेला पहिला रुपयाही निकेलचाच होता.

या धातूच्या नावामागे एक गंमत आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखे दिसणारे एक लालसर खनिज सापडे. कितीही भट्टी लावली तरी त्यातून तांबे निघत नसे. एखाद्या खट्याळ भुताने तांबे चोरले, असे समजून त्यांनी त्या खनिजाला ‘कुप्फरनिकेल’ म्हटले. कुप्फर म्हणजे तांबे आणि निकेल म्हणजे खोडकर भूत. १७५१ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट यांनी अशाच खनिजातून एक नवा धातू वेगळा केला. त्यांनी तांबे वगळले आणि भुताचे नाव तेवढे धातूला ठेवले.

मिलेराइट ओळखायचे कसे?

मिलेराइटमध्ये निकेलच्या एका अणूला गंधकाचा एक अणू, इतका साधा हिशेब असतो. शंभर ग्रॅम शुद्ध मिलेराइट घेतले तर त्यात जवळजवळ ६५ ग्रॅम निकेल आणि ३५ ग्रॅम गंधक भरते.

रंग चिंचेने नुकत्याच घासलेल्या पितळेसारखा, फिकट सोनेरी. चमक धातूची. पण त्याची खरी ओळख आहे आकाराची. मिलेराइट बहुधा केसासारख्या बारीक सुयांच्या रूपात सापडते. दगडाच्या पोकळीत एका बिंदूपासून चहूकडे फाकलेल्या सुया, किंवा एकमेकांत गुंतलेला सोनेरी केसांचा पुंजका. म्हणून जुन्या जर्मन पुस्तकांत त्याला ‘केसाळ पायराइट’ अशा अर्थाचे नाव होते. या सुया अगदी बारीक असतील तर किंचित वाकतात आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होतात. जाड स्फटिक मात्र ठिसूळ असतो, लगेच तुटतो.

आपल्याकडे सराफ सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर उतरवून पाहतात. खनिजांची परीक्षा साधारण तशीच होते, फक्त दगडाऐवजी चकाकी नसलेली पांढरी फरशी घेतात. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. मिलेराइटची रेघ मात्र हिरवट काळी उमटते. म्हणजे ‘चकाकते ते सगळे सोने नसते’ हे इथे एका रेघेत सिद्ध होते. कठिनतेच्या दहा पायऱ्यांच्या मापावर मिलेराइट ३ ते साडेतीनवर येते. नखाने त्यावर ओरखडा उठत नाही, चाकूने सहज उठतो. पायराइट या दुसऱ्या सोनेरी खनिजावर चाकू चालत नाही, त्यामुळे दोघांत फरक करता येतो. वजनाला मिलेराइट जड असते, तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे साडेपाच पट. आपला काळा पाषाण पाण्याच्या तिप्पटही भरत नाही.

दमट हवेत बराच काळ राहिले तर मिलेराइटची चमक मावळते, त्यावर राखाडी किंवा इंद्रधनुषी पापुद्रा येतो. कधीकधी हिरवी पूडही धरते. निकेलची बरीच संयुगे हिरवी असतात. तांब्याच्या भांड्यावर जसा हिरवा गंज चढतो, तसाच हा प्रकार. संग्राहक म्हणूनच ही खनिजे कोरड्या जागी ठेवतात.

नाव कुणाचे?

विल्यम हॅलोज मिलर हे १८०१ साली वेल्समध्ये जन्मले आणि १८३२ पासून केंब्रिजला खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. स्फटिकाच्या प्रत्येक पृष्ठाला तीन छोट्या अंकांनी ओळखण्याची पद्धत त्यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात मांडली. विज्ञान शाखेत पदवी घेतलेल्या आपल्या सभासदांना ‘मिलर इंडायसेस’ आठवत असतील, ते हेच मिलर. या केसाळ खनिजाच्या स्फटिकांचा अभ्यास त्यांनी केला होता. म्हणून ऑस्ट्रियाचे खनिजशास्त्रज्ञ विल्हेल्म हायडिंगर यांनी १८४५ साली त्याला मिलरांचे नाव दिले.

योगायोग असा की मिलर ज्या वेल्सचे, त्याच वेल्सच्या दक्षिण भागातल्या कोळशाच्या खाणींत मिलेराइटचे अतिशय देखणे नमुने सापडले.

खडकात ते तयार कसे होते?

आपल्यापैकी अनेकांनी पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या दगडखाणींतून निघालेले पांढऱ्या सुयांचे गोळे प्रदर्शनात पाहिले असतील. काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून स्कोलेसाइटसारखी झिओलाइट खनिजे सुईसुईने वाढली. आपल्या बडोद्याजवळचा पावागढ त्याच ज्वालामुखी काळातला. या पोकळ्यांत मिलेराइट मिळते असे नव्हे. पण रिकामी जागा, पाणी आणि भरपूर वेळ या तीन गोष्टी मिळाल्या की स्फटिक कसे वाढतात, हे समजायला आपल्या जवळचे हे उदाहरण चांगले.

मिलेराइटलाही याच तीन गोष्टी लागतात. त्यात आणखी दोन हव्यात: विरघळलेले निकेल आणि गंधक. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या थरांबरोबर लोखंडयुक्त मातीचे टणक गोळे सापडतात. हे गोळे कडक होताना आतून आकसले आणि त्यांत भेगा पडल्या. आजूबाजूच्या थरांतून फिरणाऱ्या गरम पाण्याने थोडे निकेल उचलले. त्याला भेगांत गंधक भेटले. दोघांचे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते तिथेच स्फटिकरूपात बसले. स्फटिक एकाच दिशेने झरझर वाढत गेला आणि जाडीने मात्र वाढला नाही, म्हणून त्याचा केस झाला. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या हॉल्स गॅप इथे गारेच्या पोकळ गोळ्यांत असेच सोनेरी केस मिळतात. गोळा फोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही, बाहेरून तो साधा धोंडाच दिसतो.

ही झाली एक रीत. दुसरी रीत जुन्या निकेल खनिजांच्या बदलातून घडते. त्यासाठी आधी पेंटलॅंडाइटची ओळख करून घ्यायला हवी.

पेंटलॅंडाइटमध्ये निकेल, लोखंड आणि गंधक असे तिघेही असतात. गंधकयुक्त खनिजांपासून मिळणारे जगातले बहुतेक निकेल याच्यातून काढतात. ते जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात जन्मते. या खडकरसात गंधक फार झाले की गंधक आणि धातूंचे थेंब वेगळे होतात. फोडणीचे तेल आमटीत मिसळत नाही, त्याचे थेंब निराळे दिसतात, तसे. फरक एवढाच की तेल वर तरंगते आणि हे थेंब जड असल्यामुळे तळाशी बसतात. निकेलचा ओढा गंधकाकडे असल्याने सगळ्या खडकात विखुरलेले निकेल या थेंबांत गोळा होते. खडक थंड झाल्यावर तळाशी निकेलचा साठा तयार मिळतो.

कॅनडातल्या सडबरीचा साठा अशाच रीतीचा, पण त्याची सुरुवात आकाशातून झाली. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी तिथे एक प्रचंड अशनी कोसळला. आघाताने जमीन वितळली आणि त्या वितळलेल्या खडकात गंधक-निकेलचे थेंब तळाशी बसले. १८८३ साली तिथे रेल्वेमार्ग टाकताना खडक फोडले गेले, तेव्हा हा साठा माणसाच्या नजरेस पडला.

अशा साठ्यांत पुढे पाणी खेळले आणि पेंटलॅंडाइटमधले लोखंड निघून गेले की उरलेल्या निकेल-गंधकाचे मिलेराइट होऊ शकते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कंबाल्डा भागात केसांऐवजी मिलेराइटचे भरीव तुकडेच मिळाले आहेत. एरवी मिलेराइट इतके थोडे असते की त्यासाठी कुणी खाण काढत नाही.

अणू तेच, मांडणी वेगळी

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. एखादे खनिज म्हणजे त्यातले अणू कोणते एवढेच नसते. ते अणू कसे रचले आहेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

दिवाळीला एकाच मापाचे लाडू आपण डब्यात भरतो. नीट खाचेत खाच बसवून रचले तर जागा कमी लागते. थोडे सैल रचले तर तेवढेच लाडू डब्याच्या झाकणाला लागतात. लाडू वाढलेले नसतात, मांडणी बदललेली असते.

निकेल आणि गंधकाचे हे संयुग ३७९ अंश सेल्सिअसच्या वर एका मांडणीत असते. तिच्यात प्रत्येक निकेल अणूभोवती गंधकाचे सहा अणू असतात. त्याखाली तापमान उतरले की मांडणी बदलते, निकेलभोवती पाचच गंधक अणू राहतात. ही थंडपणी टिकणारी मांडणी म्हणजेच मिलेराइट. ती थोडी सैल आहे, म्हणून गरम रूपाचे मिलेराइट होताना आकारमान २ ते ४ टक्क्यांनी वाढते.

या बदलाला वेळ लागतो. सावकाश थंड होऊ दिले तर अणू आपापल्या जागी सरकतात आणि काम पुरे होते. झटकन थंड केले तर ते जुन्याच मांडणीत अडकून पडतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, हळूहळू सरकत राहतात. निसर्गाकडे वेळेची कमतरता नसते. माणसाच्या कारखान्यात मात्र असते, आणि अडचण तिथेच सुरू होते.

काचेत काय घडते?

वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून खिडकीची काच होते. आपल्या शेजारच्या भरूच जिल्ह्यातही अशी काच बनवणारे मोठे कारखाने आहेत. कच्च्या मालाबरोबर निकेल असलेल्या स्टीलचा एखादा कण भट्टीत गेला आणि तिथल्या गंधकाशी त्याची गाठ पडली, तर निकेल-गंधकाचा एक सूक्ष्म गोळा तयार होतो. तो बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. डोळ्याला तो दिसत नाही आणि कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी असा एखादा कण पूर्णपणे टाळता येत नाही.

साध्या काचेत हा कण निरुपद्रवी राहतो. ती काच सावकाश थंड केलेली असते. कणाला मिलेराइट व्हायला वेळ मिळतो आणि काचेत ताणही नसतो.

टफन काचेची गोष्ट निराळी. साधी काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर थंड होऊन आकसू पाहतो. परिणामी बाहेरचा थर कायमचा दाबाखाली आणि आतला भाग कायमचा ताणाखाली राहतो. या दाबामुळेच टफन काच साध्या काचेच्या चार ते पाच पट मजबूत होते. पण याच घाईत निकेलचा कण आपल्या गरम मांडणीत अडकतो.

पुढे काच कारखान्यातून निघते, गाडीतून येते, घरात बसते. आतला कण गुपचूप मिलेराइट होत असतो, फुगत असतो. तो ताणाच्या थरात असेल तर भोवती बारीक तडा जातो. तडा पुरेसा वाढला की सगळा साठलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि आख्ख्या तावदानाचे खडे होतात.

हे कोडे प्रथम सुटले ऑस्ट्रेलियात. मेलबर्नमधल्या १९५८ साली पुऱ्या झालेल्या ‘आयसीआय हाउस’ या उंच इमारतीच्या बाहेरच्या काचा आपोआप फुटू लागल्या. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेचे ई. आर. बॅलन्टाइन यांनी १९६१ साली दाखवून दिले की कारण निकेल सल्फाइडचे हे कणच आहेत.

घरासाठी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, टफन काचेला घाबरून साधी काच बसवू नये. साधी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात, खोल जखमा करतात. टफन काचेचे बोथट कडांचे छोटे खडे होतात. दरवाजा, शॉवरचे पार्टिशन, टेबल यांसाठी टफन काचच योग्य. खरेदी करताना तिच्या कोपऱ्यावरचा शिक्का पाहावा. सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे.

दुसरी गोष्ट, काचवाल्याला ‘हीट सोक’ केलेली काच आहे का, हे विचारावे. यात टफन झालेल्या काचा मोठ्या भट्टीत सुमारे २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात. हे तापमान ३७९ च्या खाली आहे, म्हणून कणाला मिलेराइट होण्याची मुभा असते. आणि ऊब असल्यामुळे वर्षांचे काम तासांत होते. ज्या काचेत घातक कण असेल ती बहुधा भट्टीतच फुटते, आपल्या घरात येत नाही. धोका यामुळे पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उंचावरच्या काचेची. गच्चीचा किंवा बाल्कनीचा कठडा, जिन्याची बाजू, डोक्यावरचे काचेचे छप्पर इथे नुसती टफन काच पुरत नाही. कठड्याची काच खड्यांत विखुरली तर टेकून उभा असलेला माणूस किंवा मूल खाली जाऊ शकते. अशा जागी लॅमिनेटेड काच घ्यावी. तिच्यात दोन तावदानांमध्ये चिवट पारदर्शक पडदा असतो. काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. खर्च वाढतो हे खरे, पण घरात लहान मुले आणि वृद्ध असताना ही बचत करण्याची जागा नव्हे.

चौथी गोष्ट, प्रत्येक आपोआप फुटणे निकेलच्या माथी मारू नये. कडेला लागलेली ठोकर, जास्त आवळलेला स्क्रू, रबर न लावता धातूला टेकलेली काच, ही कारणे घराघरांत जास्त आढळतात. टफन काचेची कड हा तिचा नाजूक भाग. बसवताना काच उभी करून कोपऱ्यावर टेकवू देऊ नये.

पाचवी गोष्ट, काच फुटलीच तर आधी चपला घालाव्यात, मुलांना आणि घरातल्या प्राण्यांना दूर न्यावे. चौकटीत काही भाग उभा राहिला असेल तर झाडण्यापूर्वी फोटो काढावा. तडे जिथून सुरू झाले तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शेजारी दिसले आणि त्यांच्या मधल्या रेषेवर बारीक ठिपका असेल, तर निकेलच्या कणाचा संशय घ्यायला जागा असते. तेवढे तुकडे वेगळे ठेवावेत. खात्री मात्र प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

मुलांबरोबर करून पाहा

घरातला निकेलचा जुना रुपया आणि फ्रिजवरचे चुंबक घ्या. रुपया चुंबकाला चिकटेल. आता १८/८ लिहिलेल्या स्टीलच्या वाटीला चुंबक लावा. बहुधा ते चिकटणार नाही, किंवा अगदी दुबळे चिकटेल. वाटीत लोखंड आहे, निकेलही आहे आणि दोन्ही चुंबकाकडे ओढले जाणारे धातू आहेत. तरी असे का? उत्तर पुन्हा तेच: त्या स्टीलमध्ये निकेलमुळे अणूंची मांडणी बदलते. मिलेराइटमध्ये ६५ टक्के निकेल असूनही तेही चुंबकाकडे ओढले जात नाही.

मुलांनी ‘कशापासून बनले आहे?’ एवढे विचारून न थांबता ‘कसे रचले आहे?’ हेही विचारायची सवय लावून घेतली, तर रसायनशास्त्राचा अर्धा अभ्यास तिथेच होईल. आणि मोठ्यांनी हाच प्रश्न बाल्कनीची काच निवडताना काचवाल्याला विचारावा.